मुलांना लांब पळायला शिकवायचं म्हणजे आधी हळू पळायला शिकवायचं

तळजाई:
थंडी पडली की पुण्यात मॅरेथॉनचे टी-शर्ट दिसायला लागतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'आमच्या पिल्लूला ३ किमीच्या रनला घालायचंय, तयारी कशी करून घेऊ' असे मेसेज सुरू होतात. म्हणून हा धागा काढतेय. आमच्याकडची सात ते बारा वयाची पोरं शनिवार-रविवार सकाळी तळजाई टेकडीवर येतात, सोबत आम्ही काही पालक असतो, त्या अनुभवावरून लिहितेय.

माझं म्हणणं एकच. सात-आठ वर्षांच्या मुलाला पळायला शिकवावं लागत नाही, ते येतंच. शिकवावं लागतं ते हळू पळायला. 'त्या गेटपर्यंत पळ' म्हणा, गेट पन्नास मीटरवर असो नाहीतर एक किलोमीटरवर, पोरगं सुसाट सुटतं आणि थोड्या वेळात कंबरेवर हात ठेवून उभं. यात त्याचा काही दोष नाही. २०१२ साली इंग्लंडमधल्या काही संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, शाळेतल्या मुलांना साधारण चार मिनिटं लागतील एवढं अंतर पळायला लावलं, तर पाच-सहा वर्षांची मुलं सुरुवातीलाच सगळा जोर लावून मग हळू हळू होत गेली आणि मोठी मुलं मधे वेग राखून शेवटाला पुन्हा जोर लावताना दिसली. म्हणजे अजून किती पळायचंय आणि आपल्यात किती दम उरलाय हा हिशोब वयाबरोबर, समज वाढेल तसा जमायला लागतो. पण जमायला लागतो म्हणजे आपोआप पक्का होतो असं नाही, त्याला सराव लागतोच आणि तो सराव आपण मोठी माणसं देतच नाही. आपण कुंपणाबाहेर उभं राहून 'पळ पळ, फास्ट फास्ट' एवढंच ओरडतो.

आम्ही दोन गोष्टी करतो. एक म्हणजे गप्पा. पळताना शेजारच्याला काल डब्यात काय होतं ते सांगायचं, वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. दुसरं म्हणजे सारख्या फेऱ्यांचा खेळ. सपाटीवरची एक छोटी फेरी ठरवलीये, ती दोनदा मारायची, घड्याळ माझ्याकडं, मुलांना दाखवायचं नाही, आणि ज्याच्या दोन फेऱ्यांच्या वेळेत सगळ्यात कमी फरक तो जिंकला. या खेळात सगळ्यात वेगवान पोरगं बऱ्याचदा हरतं, कारण त्याची पहिली फेरी जबरदस्त आणि दुसरी रडतखडत. नऊ वर्षांची एक मुलगी आहे, पळण्यात अगदी मधली, पण या खेळात तिला सहसा कोणी हरवत नाही. पहिल्या फेरीला ती ओठ हलवत पावलं मोजते, वळणावरच्या बाकापाशी किती आकडा आला तो लक्षात ठेवते, आणि दुसऱ्या फेरीला त्याच बाकापाशी आकडा फार वाढला नाही ना ते बघते. दमल्यावर पावलं लहान पडतात म्हणून आकडा वाढतो, हे तिचं तिनं शोधलंय, आमच्यापैकी कोणी सांगितलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, 'काकू, आकडा वाढला म्हणजे आधी जास्त जोरात पळले होते.' मला वाटतं यापेक्षा नीट हे कुणी समजावून सांगू शकणार नाही.

तुमच्याकडं काय करता ते लिहा.

दोन_पोरांची_आई:
छान धागा तळजाईताई, अगदी वेळेवर काढलात. माझा धाकटा सात वर्षांचा आहे, शाळेतल्या एका शर्यतीत शेवटून पहिला आला आणि तेव्हापासून पळायचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणून बसतो. खरंच दुखतं की कारण सांगतो कळत नाही. मोठी अकराची आहे आणि ती चांगली पळते त्यामुळे घरात तुलना आपोआप होते, आम्ही काही बोललो नाही तरी त्याला दिसतंच ना. नवरा म्हणतो जिद्द शिकायला पाहिजे, रडला तरी न्यायचं. मला पटत नाही पण मग चिकाटी येणार तरी कशी हेही कळत नाहीये.

मैदानवाला:
मी पीटी शिकवतो, बरीच वर्षं झाली. दोन्ही गोष्टींवर लिहितो जरा मोठं होईल.

पोटातली कळ खरी असते हो. जेवून किंवा ग्लासभर दूध पिऊन लगेच पळालं आणि सुरुवातीलाच जोर लावला की बरगडीखाली कळ येते, बहुतेक उजव्या बाजूला. थांबून चालायला लावा, दुखतंय तिथं हातानं दाबून थोडं पुढं वाकायचं आणि तोंडानं फुंकर मारल्यासारखा लांब श्वास सोडायचा, जाते. पळायच्या आधी दीड-दोन तास पोटभर काही नको, सकाळी लवकर असेल तर अर्धं केळं बास झालं.

आता मोठं दुखणं. आपल्याकडं मुलांची लांब पळण्याशी पहिली ओळख शिक्षेतून होते. उशीर झाला, मार मैदानाला पाच फेऱ्या. बोलत होतास, मार दहा. मग तेच पोरगं पुढं फेऱ्या आवडीनं कशा मारेल? मी माझ्या तासाला हे पूर्ण बंद केलंय आणि नवीन कोणी शिक्षक आले की त्यांनाही पहिल्याच दिवशी हात जोडून सांगतो की बाबांनो शिक्षा करायचीच असेल तर दुसरी शोधा, फेऱ्या नकोत.

त्याऐवजी काय, तर स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ पासून सुरू झालेला डेली माईल म्हणून एक प्रकार आहे, आता बऱ्याच देशांत पसरलाय. रोज पंधरा मिनिटं वर्गातली सगळी मुलं बाहेर, आहे त्या गणवेशात, पळा चाला काय करायचं ते आपापल्या वेगानं, नंबर नाही शर्यत नाही. मला त्यातलं आवडतं ते हे की पंधरा मिनिटं ठरलेली असतात, अंतर नाही. अंतर ठरवलं की संपवायची घाई होते, वेळ ठरवली की पोरगं स्वतःच हळू होतं कारण लवकर पळून सुटका होत नाही. आमच्याकडं रोज जमत नाही पण माझा तास असतो त्या दिवशी करतो. पहिल्या आठवड्यात गोंधळ, सगळी सुटतात आणि मग झाडाखाली. हळू हळू निम्म्याच्या वर पोरं पूर्ण पंधरा मिनिटं हलती राहायला लागतात, कोणी काही न शिकवता.

एक अडचण मात्र खरी आहे, पुण्यातल्या बऱ्याच शाळांना मैदान म्हणजे पेव्हर ब्लॉकचा चौक. त्यात गोल गोल एकाच दिशेनं पळवू नका, एका बाजूच्या पायावर जोर येतो, दर दोन-तीन मिनिटांनी शिट्टी मारून दिशा उलटी करा.

स्टॉपवॉच:
सगळं वाचलं, पटलंही, पण एक वेगळा मुद्दा मांडतो राग मानू नये. हे आपापल्या वेगानं, नंबर नाही, हे ऐकायला गोड आहे पण पुढं जाऊन जग नंबरच बघणार आहे. मुलाला हरायची सवय लहानपणीच नको का लागायला? आणि ज्याच्यात खरंच काही आहे त्याला आठ-दहा वर्षांपासून नीट कोचिंग, रोजचे किलोमीटर, टायमिंग असं मिळालं नाही तर आपल्याकडं चांगले लांब पल्ल्याचे धावपटू होणार कसे? माझा मुलगा दहाचा आहे, आठवड्यातून पाच दिवस पळतो, रविवारी ८ किमी, आणि त्याला आवडतं.

तळजाई:
स्टॉपवॉच, राग कसला, याच्यावर बोलायलाच धागा आहे. हरायची सवय लागावी हे मलाही मान्य, म्हणूनच शर्यत नकोच असं मी म्हणत नाही. पण रोजच्या किलोमीटरबद्दल माझं मत ठाम आहे. ओडिशाचा बुधिया सिंग आठवत असेल, २००६ मध्ये चार वर्षांचा असताना पुरी ते भुवनेश्वर ६५ किमी सात तासांत पळाला होता, सगळ्या टीव्हीवर तेच. मग सरकारनं त्याच्या लांब पळण्यावर बंदी घातली, आणि मोठा धावपटू म्हणून तो पुढं कुठल्या मोठ्या स्पर्धेत दिसला नाही. आणि आपला अविनाश साबळे बघा, बीड जिल्ह्यातलं आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, लहानपणी शाळा सहा किलोमीटर लांब म्हणून चालत पळत जायचा, ना कोच ना टायमिंग. स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीला, लागला तो सैन्यात गेल्यावर, विशी ओलांडल्यावर. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य, सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकलं. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबरही आधी मॅरेथॉनमधे होती, स्टीपलचेसकडं नंतर वळली आणि २०१६ ला रिओच्या फायनलमधे दहावी आली. लहानपणी पळणं त्यांच्या रोजच्या जगण्यात होतं, रोजचं टार्गेट म्हणून नव्हतं. मुलाला ८ किमी आवडत असेल तर मी कोण नको म्हणणारी, पण एकदा त्याला विचारून बघा, एखाद्या रविवारी नको वाटलं तर ते तुम्हाला सांगायची त्याला भीती वाटते का.

गुडघा_घोटा:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्टॉपवॉच यांच्या पोस्टमुळं लिहावंसं वाटलं. दहा वर्षांच्या मुलाच्या हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, तिथं हाड अजून पक्कं झालेलं नसतं आणि स्नायूंचे दोर तिथंच ओढ देतात. साधारण आठ ते चौदा या वयात टाच दुखते म्हणून येणारी मुलं मी खूप बघते, थोडं मोठं झाल्यावर गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन तिथं दुखणारी. कारण बहुतेक वेळा एकच, उंची भराभर वाढतेय आणि त्याच वेळेला पळणं किंवा फुटबॉल किंवा दोन्ही एकदम वाढवलंय. घाबरण्यासारखं नसतं, काही आठवडे कमी करून ठीक होतं, पण मूल लंगडत असेल तर 'जिद्द' वगैरे काही नाही, थांबायचं. दमणं वेगळं आणि दुखणं वेगळं, हा फरक मुलांना शब्दांत सांगता यायला शिकवा. मी मुलांना विचारते 'सगळीकडं जड वाटतंय की एका जागी टोचतंय?' जड वाटत असेल तर हळू होऊन पळ, एका जागी टोचत असेल तर थांब आणि सांग. पाच वर्षांच्या मुलालाही हे कळतं.

दुसरं म्हणजे ऊन. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा घाम कमी येतो आणि पळताना वजनाच्या मानानं त्यांच्या अंगात उष्णता जास्त तयार होते, त्यामुळं मार्चपासून पुण्यात सकाळी आठनंतर मुलांना पळवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तहान लागली म्हणेपर्यंत वाट बघू नका, मधे मधे दोन घोट द्या. आणि जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते ती सगळी पळण्यातूनच व्हायला पाहिजे असं नाही, लंगडी, खो-खो, सायकल, झाडावर चढणं सगळं त्यात आलं.

कोथरूडकर_काका:
इथले सगळे तरुण आहेत, मी बाहत्तरचा. पळत नाही, पण वारीला जातो म्हणून लिहितो. आळंदीहून पालखी पुण्याला येते तेव्हा दिंडीत सहा-सात वर्षांची लेकरं चालताना बघितलीत का कधी? आईचा पदर धरून येतात, दिवसभर चालतात आणि संध्याकाळी मुक्कामाला पुन्हा खेळत असतात. एरवी हीच पोरं लक्ष्मी रोडला खरेदीला अर्धा तास चालली तर 'पाय दुखले' म्हणून रडतील. फरक कशात आहे तर चालीत. दिंडी पुढं कोणाला पळू देत नाही आणि मागंही राहू देत नाही, अभंगाच्या ठेक्यावर पाय पडतात, आणि विसावा ठरलेला असतो, दमल्यावर घेतलेला नसतो. पुण्याहून सासवडचा टप्पा लांबचा, त्यात दिवे घाट, तरी माणसं चढतात ती याच चालीनं. आणि पुढं वेळापूरच्या अलीकडं धावाबावीचा उतार येतो, तिथं धावा असतो, एवढे दिवस चाललेली माणसं, त्यात माझ्या वयाची, विठ्ठल विठ्ठल करत पळत सुटतात. राखून चाललेलं असतं म्हणून तिथं पाय उचलतात.

नातवाला मी सिंहगडावर नेतो तेव्हा हेच करतो. पायथ्याशी सगळी पोरं पळत सुटतात, आम्ही दोघं मागं. मी त्याला सांगतो माझ्या पुढं जायचं नाही, माझ्या पायावर पाय टाकायचा. तो कुरकुरतो. मग अर्ध्या वाटेला लिंबू-सरबताच्या इथं सुटलेली सगळी बसलेली दिसतात आणि आम्ही थांबत नाही. वर गेल्यावर मडक्यातलं दही, ते मात्र त्याच्या मनासारखं, कितीही.

रानवारा:
काका, धावाबावीचं वाचून अंगावर काटा आला. विसावा ठरलेला असतो, दमल्यावर घेतलेला नसतो, हे तर मी पाहुण्यांच्या पोरांनाही सांगणार.

जागांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मुलांसाठी माती सगळ्यात बरी, त्यामुळं टेकड्या. वेताळ टेकडीवर सपाटी भरपूर आहे, पण वर चढेपर्यंतच लहान मुलं दमतात, त्यांना पहिल्या दिवशी तिथं नेऊ नका. हनुमान टेकडीचा चढ छोटा आहे, चढताना चालायचं आणि वर पळायचं असं करता येतं. ट्रॅकची हौस असेल तर सारसबागेजवळ सणस मैदान, चारशे मीटरचा ट्रॅक आहे, अडीच फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर हे मुलांच्या एकदम डोक्यात बसतं. फक्त मुलांना पळायला कधी सोडतात ते आधी विचारून जा. रस्त्यावर शक्यतो नको, धूर आणि कुत्री दोन्ही.

दोन_पोरांची_आई:
सगळ्यांचे खूप आभार, नवऱ्याला अख्खा धागा वाचायला दिला. पण माझा प्रश्न तसाच आहे, जो मागं पडल्यामुळं पळायलाच तयार नाही त्याचं काय? टेकडीवर नेलं तरी ताई पुढं जाणारच.

तळजाई:
त्याच्यासाठी आमच्याकडं मागे-पुढे सोडायची पद्धत आहे. प्रत्येकाची फेरीची वेळ माहीत असते, त्यानुसार सगळ्यात हळू पळणाऱ्याला सगळ्यात आधी सोडायचं, मग त्याच्या वरचा, आणि सगळ्यात वेगवान मुलगा शेवटी. नीट हिशोब केला तर सगळी जवळपास एकत्र शेवटाला पोचतात. हळू पळणारं मूल पूर्ण वेळ पुढं असतं, हा अनुभवच त्याला कधी मिळालेला नसतो. आणि वेगवान मुलाला समोरचे दिसत असतात पण सुरुवातीलाच जोर लावला तर शेवटी पकडता येत नाही, म्हणजे त्यालाही डोकं लावावं लागतं. तुमच्या दोघांना घरच्या घरी करता येईल, धाकट्याला दीड-दोन मिनिटं आधी सोडा आणि ताईला नंतर.

आणि चिकाटीबद्दल. मिस्टरांना सांगा की रडत रडत पूर्ण केलेली फेरी मुलाला फक्त एवढंच शिकवते की पळणं म्हणजे रडणं. मुलाला आपण दोनच गोष्टी सांगतो, पळ किंवा थांब. मधली तिसरी सांगत नाही, हळू हो. आमचा नियम असा की थांबायचं नाही पण वेग कितीही कमी केला तरी चालेल, अगदी गोगलगाय झालात तरी, आणि चालायचं असेल तर ते आधी ठरवून, 'त्या गिरिपुष्पाच्या झाडापर्यंत पळणार, मग पुढच्या वळणापर्यंत चालणार' असं मोठ्यानं बोलून. ठरवलेलं चालणं म्हणजे हरणं नाही. काकांचा विसावाच तो. हे एकदा कळलं की मुलं स्वतःच झाड पुढचं पुढचं निवडायला लागतात, आपण ढकलावं लागत नाही, आणि तीच चिकाटी, वेगळी आणायची गरज नाही.

पोरांना मी केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगे याची गोष्ट सांगते ती त्यांना फार आवडते. २०१८ ला बर्लिनमधे त्यानं २ तास १ मिनिट ३९ सेकंदांचा विश्वविक्रम केला तेव्हा पहिली अर्धी मॅरेथॉन ६१ मिनिटं ६ सेकंदांत आणि दुसरी ६० मिनिटं ३३ सेकंदांत. जगातला सगळ्यात भारी पळणारा आपल्या सारख्या फेऱ्यांच्या खेळात पण जिंकला असता, असं एका मुलानं हिशोब करून सांगितलं, तेतीस सेकंदांचा फरक म्हणजे काहीच नाही म्हणे.

स्टॉपवॉच:
तळजाईताई, मुलाला विचारलं. लगेच काही बोलला नाही, रात्री झोपताना म्हणाला रविवारी फुटबॉल खेळायचा असतो खाली सगळ्यांना. तर या रविवारपासून ८ किमी बंद, आठवड्यातले तीन दिवस ठेवलेत, तेही त्यानंच निवडलेले. शर्यतीबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे, हरणं शिकायलाच पाहिजे. सारख्या फेऱ्यांचा खेळ केला आम्ही दोघांनी, त्यात तो माझ्यापेक्षा चांगला निघाला.

मैदानवाला:
स्टॉपवॉच, हे वाचून फार बरं वाटलं. तीन दिवस भरपूर झाले या वयाला.

दोन_पोरांची_आई:
मागे-पुढे सोडणं केलं हनुमान टेकडीवर. धाकटा सारखा मागं वळून ताई किती लांब आहे बघत होता त्यामुळं दोनदा अडखळला, पण पूर्ण पळाला, आणि ताईनं शेवटी गाठलं तर रडला नाही, 'अजून आधी सोड मला' म्हणाला. एक विचारायचं राहिलं, त्याला थंडीत पळताना खोकला येतो, शिट्टीसारखा आवाजही येतो कधी कधी. चालतं का?

गुडघा_घोटा:
नाही, हे अंगावर काढू नका. पळताना किंवा पळून झाल्यावर खोकला आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज म्हणजे व्यायामानं उठणारा दमा असू शकतो, थंड कोरड्या हवेत जास्त होतो. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तसं निघालं तरी पळणं बंद करावं लागेलच असं नाही, बरीच मुलं आधी पंप घेऊन व्यवस्थित पळतात, पण ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच. तोवर फक्त चालवा, आणि दाखवायला जाताना आवाज कधी येतो, किती वेळ राहतो ते लिहून न्या.